नकाशाही तपासा

आपल्यातला कुणी वकील झाला की लोक म्हणतात, कामाला आला. डॉक्टर झाला की म्हणतात, वस्तीत दवाखाना टाकेल. आर्किटेक्ट झाला की विचारतात, कुणाचा बंगला बांधतोस? मी हे शिकलोय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आपण प्रस्थापितांच्या कथा-कादंबऱ्या तपासल्या. कुणाचं जगणं आत घेतलं, कुणाचं गाळलं, हे विचारलं. नकाशाही तसाच तपासला पाहिजे. तोही लिहिलेला मजकूरच आहे.

कॉलेजात जुना वाडा मोजायला लावतात. ढेलज, चौक, सोपा, माजघर, देवघर सगळं टेप लावून मोजायचं, सुबक ड्रॉइंग काढायचं. सर खांबांच्या नक्षीवर बोलतात, चौकातून हवा कशी खेळते ते सांगतात. ते खोटं नाही. पण ढेलजेपासून देवघरापर्यंतचा एकेक उंबरठा म्हणजे कुठल्या जातीनं कुठं थांबायचं याची खूण, हे कोण सांगणार? मुंबईच्या जुन्या इमारतींमागं हाऊस गल्ली का? मागच्या भिंतीला तो गोल लोखंडी जिना का? मैला उचलणारा माणूस पुढच्या दारी दिसू नये म्हणून. जुन्या वास्तुग्रंथांनी तर जमिनीचा रंगसुद्धा वर्णावर वाटला. ब्राह्मणाला पांढरी, शूद्राला काळी. चांडाळाची वस्ती बाहेर. महारवाडा काय वाऱ्यानं उडून गावकुसाबाहेर पडला नव्हता. आणि तो महारवाडा मोजायला आम्हाला कुणी कधी पाठवलं नाही.

हे जुनं झालं म्हणाल, तर आजचं बघा. सेप्टिक टँक म्हणजे नकाशात एक चौकोन. हातानं मैला साफ करायला लावण्यावर २०१३ साली नवा, कडक कायदा आला, तरी माणसं टाकीत उतरताहेत आणि मरताहेत. टाकी माणूस न उतरवता कशी उपसायची, तिथवर गाडी कुठून येणार, हे रेघ मारणाऱ्यानं आधीच ठरवायचं असतं.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती घ्या. दोन इमारतींत एवढंच अंतर की खालच्या घरात ऊन उतरत नाही. तिथल्या क्षयाचा या अंधाराशी संबंध २०१८ साली एका अभ्यासात पुढे आला. ते अंतरही कुणीतरी कागदावर आखलं, कुणीतरी त्यावर सही केली.

बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. त्याचं कौतुक चाळीबाहेरच्यांनी करू नये. पण त्याच लांब व्हरांड्यात मुलांनी अभ्यास केला, बैठका झाल्या. १९७४ च्या वरळीच्या दंगलीत याच चाळी लढल्या. आता ५०० फुटांचं घर मिळतंय, २०२५ साली वरळीत पहिल्या चाव्याही मिळाल्या. घर हक्काचंच आहे, घ्यायचंच. पण माणसं एकत्र बसायची ती जागा टॉवरमध्ये कुठं, हा सवाल विचारायला नकाशा मंजूर होण्याआधी आपलं माणूस टेबलाशी पाहिजे.

चळवळीलाही माझं सांगणं आहे. आर्किटेक्चर म्हटलं की आपल्याला स्तूप, पुतळा, स्मारक एवढंच दिसतं. ते हवंच. पण बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आधी गरज, मग भिंत. झोपु योजनेनं १९९५ नंतर २२५ चौरस फुटांची घरं दिली. त्यात दहावीच्या पोरीनं वही कुठं उघडायची, हे कुणी आखलं?

नुसत्या डिग्रीनं काही बदलत नाही. बिल्डरच्या ऑफिसात बसून आपलाच पोरगा तीच अंधारी घरं आखू शकतो. म्हणून पोरांनो, जा, शिका. टेप घेऊन आधी आपली वस्ती मोजा. नळ, संडास, गटार, दिवा, सगळं कागदावर आणा. वस्तीच्या बैठकीत पुनर्वसनाचा नकाशा आला की आयाबायांना तो वाचून दाखवा. सही करण्याआधी त्यांना कळू दे, ऊन कुठल्या बाजूनं येणार आहे, आणि येणार आहे का.

जयभीम.