सणांची नावे आणि वंशाचा पुरावा
(बेने इस्राएल समाजाच्या मराठीसंबंधी एक टिपण)

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, बेने इस्राएल समाजाविषयी लिहिताना एक मत वारंवार मांडले जाते. हा समाज शतकानुशतके इतर यहुद्यांपासून तुटून राहिला, हिब्रू भाषा विसरला, आणि त्यामुळे धर्माचेही त्याला पुष्कळसे विस्मरण झाले, असे ते मत होय. पुरावा म्हणून सणांची मराठी नावे पुढे केली जातात. रोश हशानाला 'नव्याचा सण', योम किप्पुरला 'दारफाळणीचा सण', पुरीमला 'होळीचा सण' म्हणणाऱ्यांपाशी धर्माची स्मृती ती कितीशी उरली असणार, असा त्यामागील तर्क असतो. हा तर्क भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, असे मला वाटते. त्याची कारणे येथे मांडीत आहे.

या नावांची सविस्तर नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासात आहे. ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला. छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. केहिमकरांची दृष्टी मुख्यतः मराठी नावामागे दडलेला मूळ सण ओळखण्याची आहे, आणि ते काम त्यांनी निष्ठेने केले आहे. परंतु त्यामुळे नाव हा त्यांच्या लेखी निव्वळ पडदा ठरतो. पडद्याचे कापड कसले आहे, हे पाहण्याचे त्यांना कारण पडले नाही.

ते कापड स्वयंपाकघरातले आहे. तिश्री महिन्यातील 'खिरीचा सण' नव्या तांदळाच्या, नारळाचा रस व गूळ घातलेल्या खिरीवरून ओळखला जातो. आब महिन्याची नवमी हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन. त्याचे नाव 'बिरड्याचा सण'. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेले वाल, हे कुलाब्याकडच्या वाचकाला सांगावयास नको. पेसाहच्या सणाचे नाव 'अनाशी ढाकण्याचा सण'. अनाशी हे घरात नेहमी आंबवून ठेवलेले आंबट द्रव्य. त्याचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवावयाचे. आंबलेले काही वापरावयाचे नाही, ही त्या सणाची मुख्य आज्ञा. म्हणजे येथे नाव मराठी असले तरी आज्ञा जशीच्या तशी शाबूत आहे. इतकेच नव्हे, तर ती नावातच कोरलेली आहे. हिब्रू नावाचा अर्थ न कळणाऱ्या घरातही 'ढाकणे' या क्रियापदाने काय करावयाचे ते दरवर्षी सांगितले जाई. विस्मरणाची ही मोठी विलक्षण तऱ्हा म्हणावी लागेल!

सणाला त्यातील पदार्थावरून वा कृतीवरून नाव पडणे ही मराठीची जुनी रीत आहे. अलंकारशास्त्रात जिला लक्षणा म्हणतात तीच येथे कार्य करते. आपण 'नारळी पौर्णिमा' म्हणतो. श्रावणात 'शिळासप्तमी' येते, आणि त्या दिवशी आदल्या दिवशीचे अन्न खातात. बेने इस्राएलांचा दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण' हिच्याशेजारी ठेवून पाहावा. नारळी पौर्णिमा म्हणणारा कोळी धर्म विसरला आहे, असे अद्याप कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. एकच प्रक्रिया एका समाजाच्या बाबतीत परंपरा आणि दुसऱ्याच्या बाबतीत विस्मरण कशी ठरते?

दुसरा थर फारसी-अरबी शब्दांचा आहे. एलूल महिन्यातील उपवासांना 'रमजान', एका उपवासाला 'सबाबी रोजा', एलिया हन्नबीच्या स्मरणदिनाला 'उरूस' आणि प्रार्थनामंदिराला 'मशीद'. यावरून मुसलमानी संस्काराचे निष्कर्ष काढण्याची घाई होते. मराठवाड्यात राहणाऱ्याला ती होऊ नये. खुलताबादच्या उरुसाला जाणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात, आणि महाराष्ट्रातील कित्येक गावी ग्रामदेवतेच्या जत्रेलाही 'उरूस' हाच शब्द चालतो. शब्दाचे मूळ आणि बोलणाऱ्याची श्रद्धा यांची गल्लत करणे हा व्युत्पत्तीच्या नव्या विद्यार्थ्याचा दोष आहे; तो पंडितांत दिसला म्हणजे खेद होतो.

न्यायासाठी उलट बाजूही पाहिली पाहिजे. या समाजात हनुक्का पाळला जात नव्हता, म्हणून तो सण प्रस्थापित होण्यापूर्वी, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असावेत, असा युक्तिवाद केला जातो. मला तो मान्य करता येत नाही. एखादी गोष्ट नसणे ही ती कधीच नसल्याची खूण नव्हे. सण मागाहूनही सुटतात. सणांची नावे समाजाच्या आगमनाचा काळ सांगत नाहीत. आचरण अखंड होते की नाही, एवढेच ती सांगतात.

मात्र त्या बाबतीत त्यांना एक स्वतंत्र साक्षीदार लाभला आहे, आणि तो म्हणजे शेजारी. तेलाचा घाणा चालविणाऱ्या या लोकांना कुलाब्यातील इतर जाती 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हे नाव समाजाने स्वतःला दिलेले नाही. शब्बाथ म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी फक्त पाहिले आणि नाव ठेवले. तटस्थ माणसाने ठेवलेले नाव हा कुळाच्या वहीपेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा आहे, असे मी मानतो.

हा वाद केवळ पांडित्याचा राहिला नाही. इस्रायलच्या स्थापनेनंतर हे लोक तिकडे जाऊ लागले. काहींना तेथे इतका दुजाभाव जाणवला की ती कुटुंबे १९५२ मध्ये भारतात परतली. पुढे १९६२ मध्ये प्रमुख रब्बी इत्झाक निस्सिम यांच्या कारकीर्दीत निघालेल्या सूचनांनुसार, बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी असे ठरले. आंदोलन झाले, उपोषणे झाली. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या काळात तेथील संसदेने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

येथे एक जुनी कथा आठवते. दाविद रहाबी नावाचा यहुदी प्रथम कोकणात आला तेव्हा त्याने या समाजातील स्त्रियांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले व पर असलेली तेवढी निवडली. त्यावरून त्याला ओळख पटली, असे परंपरा सांगते. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. रहाबीने परीक्षा घेतली ती पुरावा जेथे होता तेथे, चुलीपाशी. १९६२ च्या अधिकाऱ्याने आजी-पणजींची कागदपत्रे मागितली. ज्यांची दप्तरे बिरड्यात आणि अनाशीच्या भांड्यात होती, त्यांनी ती कोठून आणावीत?

असा प्रसंग एकट्या मराठी भाषकांवरच आला असे नाही. १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' जहाज कॅरिबियन बेटांवरील प्रवासी घेऊन इंग्लंडात टिलबरीला लागले. त्यांना आणि त्यांच्यामागून आलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांना, तेथे राहण्याचा हक्क होता. तरीही पुढे त्यांच्याकडे वास्तव्याच्या एकेका वर्षाचा कागद मागण्यात आला. त्यांच्या आगमनाची नोंदपत्रे सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. कित्येकांची नोकरी गेली, काहींना देशाबाहेर काढले. २०१८ मध्ये प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर सरकारला क्षमा मागावी लागली. बार्बाडोसचे कवी कमाऊ ब्रॅथवेट यांनी १९८४ मध्ये आपल्या लोकांच्या बोलीला 'राष्ट्रभाषा' म्हटले, ते ती मोडकी इंग्रजी आहे या समजाला उत्तर म्हणून. बेने इस्राएलांच्या मराठीला मोडके यहुदीपण समजणारे त्याच जातीची चूक करतात.

इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे, आणि तेथे महाराष्ट्र दिनही साजरा होतो. परंतु तेथे जन्मलेल्या पिढ्यांची बोलण्याची भाषा हिब्रू झाली आहे. एलिया हन्नबीच्या नावाने मलिदा मात्र अजून केला जातो, आणि त्याला मलिदाच म्हणतात. सणांची हिब्रू नावे त्यांना परत मिळाली, हे योग्यच झाले. त्याबरोबर 'अनाशी ढाकणे' हा प्रयोग आता फक्त वृद्धांच्या तोंडी उरणार. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील प्रार्थनामंदिरांभोवती जी थोडी घरे शिल्लक आहेत, तेथे जाऊन हे शब्द उच्चारासह, आणि ज्या पदार्थाशी ते जोडलेले आहेत त्याच्या कृतीसह, टिपून घेण्याचे काम आमच्या विभागातील दोन-तीन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात करता येण्याजोगे आहे. प्रश्नावली आजींना विचारावी, आणि शक्यतो स्वयंपाक चालू असताना.