स्पर्शाची वाद्यं आणि साथीची कसोटी

सिंथेसायझर वाजवण्यासाठी गेल्या काही वर्षांत एक नवी वाद्यजात पुढे आली आहे. बोट ठेवलं की सूर लागतो, बोट सरकवलं की त्याच सुराची मींड होते, दाब वाढवला की सूर फुलतो आणि बोट पुढे-मागे नेलं की नादाचा पोत बदलतो. प्रत्येक बोटाखालचा सूर दुसऱ्या बोटापासून स्वतंत्र राहतो. हॅकेन कंटिन्यूअम, लिनस्ट्रुमेंट, रोली सीबोर्ड, ऑस्मोज ही त्यातली प्रमुख नावं. किल्ल्यांच्या वाद्यांत आजवर नसलेला गळा आम्ही आणला, असा या सगळ्यांचा दावा आहे.

मराठी संगीताला हा प्रश्न नवा नाही. पेटीत गळा आहे का, यावर आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे आणि त्याचं उत्तर वादकांनी रंगमंचावर दिलं आहे. त्यामुळे या महागड्या वाद्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि परीक्षेची रीतही आपल्यापाशी आहे. ती रीत म्हणजे साथ. गाणाऱ्याच्या शेजारी बसून, पुढची जागा कोणती येणार हे माहीत नसताना जे वाद्य गाण्याला धरून राहतं, त्यात गळा आहे असं मानावं. या कसोटीला नवी वाद्यं अजून पुरेशी उतरलेली नाहीत, कारण त्यांना तिथे फारसं कुणी बसवलेलंच नाही.

आधी ती नेमकं काय करतात ते पाहू. १९८३ साली मिडी ही यंत्रांची सामाईक भाषा ठरली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पियानोसारखी किल्ल्यांची मांडणी होती. कोणती किल्ली दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढं ती नीट सांगते. सूर वाकवण्याची सोय होती, पण ती एका वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदमच वाकवी. पंचम धरून ठेवून वरचा गंधार तेवढा आंदोलित करायचा, तर ते साधत नसे. यावरचा तोडगा म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळी वाहिनी देणं. ही पद्धत एमपीई या नावाने २०१८ साली अधिकृत मानक झाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांची भाषा कळू लागली.

या वाद्यांमध्ये सर्वांत मूलगामी आहे ते कंटिन्यूअम. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले लिपोल्ड हॅकेन यांनी ते घडवलं. त्याला किल्ल्याच नाहीत, एकसलग मऊ पृष्ठभाग आहे. मींडीसाठी याहून मोकळी जागा किल्ल्यांच्या घराण्यात कुणी दिलेली नाही. पण सतारीवर तार ओढताना तिचा ताण बोटाला उलट उत्तर देतो आणि किती ओढलं हे हाताला समजतं. इथे तो ताण नाही, सगळा भार कानावर येतो. बोट ठेवताक्षणी जवळच्या सुरावर नेऊन बसवण्याची सोय त्यात आहे, पण ती जास्त वापरली तर मोकळेपणच जातं.

रॉजर लिन यांचं लिनस्ट्रुमेंट २०१४ साली आलं. त्यात दोनशे चौकोनी घरांची जाळी आहे. माझ्या मते आपल्या गवयांना सर्वांत उपयोगी पडेल असा गुण याच वाद्यात आहे. पेटीवर गायकाची पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलते. काळी एकमधला यमन आणि काळी चारमधला यमन हाताला दोन वेगळे राग वाटावेत इतका फरक पडतो. म्हणून तर स्केलचेंजर पेट्या आल्या. या जाळीवर यमनाचा आकार कुठल्याही पट्टीत तोच राहतो. त्याची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. घरं एकसारखी असल्याने नजर खाली ठेवावी लागते, आणि साथ करणाऱ्याची नजर गायकाकडे असायला हवी.

रोलँड लॅम्ब यांचा सीबोर्ड ओळखीच्या किल्ल्यांचा उंचसखल आकार राखून त्यांना रबरासारखा मऊपणा देतो. त्यामुळे हाताला वाट सापडते, पण जलद तानेत ते मऊपण बोटांना अडखळवतं. फ्रान्समध्ये तयार झालेल्या ऑस्मोजच्या किल्ल्या खऱ्या आहेत आणि त्या आडव्याही हलतात. पेटीवाल्याच्या हाताला हे सर्वांत जवळचं वाद्य. छोटं आंदोलन, कणस्वर, सुराचं फुगणं त्यावर छान निघेल. लांबलचक मींडीसाठी मात्र किल्लीचं ते हलणं अपुरं आहे.

आता आपल्याकडचा इतिहास. पेटीचे सूर ठरलेले असल्याने तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, हा आक्षेप जुनाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुतींची मोजदाद केली. त्यांच्याबरोबर काम करणारे ई. क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी होते. त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. पण ती रूढ झाली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या स्टुडिओतून बाहेर काढलं आणि ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पुढे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून तोच प्रश्न पुन्हा नेटाने हाती घेतला.

या सगळ्या काळात साधी बारा सुरांची पेटी काय करत होती? ती साथ करत होती. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याच्या सहवासात वाढले आणि १९११ च्या ‘मानापमान’ला त्यांनी संगीत दिलं. हात पेटीवर तयार झालेला माणूस मराठी रंगभूमीच्या सर्वांत गाजलेल्या चालींपैकी काही चाली बांधतो, ही गोष्ट पेटीच्या विरोधकांनी पुरेशी लक्षात घेतली नाही. पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, भीमसेन जोशींच्या मागे बसणारे अप्पा जळगावकर, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करणारे गोविंदराव पटवर्धन, बेळगावचे रामभाऊ विजापुरे या सगळ्यांनी पेटीला गायकी अंग दिलं. पहिलं बोट उचलण्याआधी दुसरं टेकवायचं, त्या संधीत भात्याचा दाब किंचित सोडायचा, वरच्या सुराचा कण घेऊन खाली उतरायचं: अशा युक्त्यांनी ते मींडीचा भास उभा करत. प्रत्यक्ष मींड वाद्यात नसली तरी ऐकणाऱ्याच्या कानात ती पूर्ण होई, कारण गायकाने ती नुकतीच घेतलेली असे. पेटीचा गळा अशा रीतीने गायकाच्या गळ्याच्या आधाराने तयार झाला. एकट्या वादनात तो इतका फुलला नसता.

रत्नागिरीत हे अजून कानांनी पडताळता येतं. राज्य संगीत नाट्य स्पर्धेतली नाटकं इथल्या सावरकर नाट्यगृहात होतात. खल्वायनसारखी संस्था संगीत नाटक आणि मैफली चालू ठेवते. आर्ट सर्कलच्या थिबा राजवाड्यावरच्या महोत्सवात मोठे कलावंत येऊन जातात. नाट्यपदाच्या मागे ऑर्गन लागला की फरक लगेच जाणवतो. ऑर्गनमध्ये भात्याचं काम पायांकडे गेल्याने दोन्ही हात मोकळे होतात, खर्ज आणि मध्य एकत्र भरून राहतात आणि गायकाला उभं राहायला जमीन मिळते. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला बालगंधर्वांच्या भोवती हेच करत असत. परदेशातून येणारे ऑर्गन केव्हाच थांबले. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या उमाशंकर ऊर्फ बाळ दाते यांनी ऑर्गन घडवण्याचं काम हाती घेतलं, ही कोकणासाठी मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे.

साथीची याहून कडक शाळा आपल्या भजनात आहे. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, समोर पखवाज आणि झांज, आणि पलीकडे प्रतिस्पर्धी बुवा. पट्टीकडे पाहायला त्याला सवड नसते. तीन गोष्टी इथे एकाच वेळी तपासल्या जातात: नजरेशिवाय सूर सापडतो का, गळा जाईल तिथे बोट त्याच क्षणी जातं का, आणि गोंगाटातही नाद भरून राहतो का.

नव्या वाद्यांना हेच तीन प्रश्न विचारले तर उत्तरं संमिश्र येतात. नजरेच्या बाबतीत ऑस्मोज आणि सीबोर्ड उजवे, कंटिन्यूअम आणि लिनस्ट्रुमेंट कमी. गळ्याच्या मागे जाण्यात कंटिन्यूअम सर्वांत समर्थ, पण ते वाजवणाऱ्याचा कान सारंगियाच्या तोडीचा हवा. नाद भरून राहण्यात सगळीच ध्वनिक्षेपकावर आणि निवडलेल्या आवाजावर अवलंबून. भरीला, कारखान्यातून आलेले आवाज साधारणपणे समान अंतरांच्या सुरांत लावलेले असतात. तानपुऱ्याशेजारी बसायचं तर सूर नव्याने जुळवून घ्यावे लागतात आणि हे काम वादकालाच करावं लागतं.

आपल्या देशात या वाटेवर चालणारे कलावंत आहेत. ए. आर. रहमान यांनी ‘दिल्ली ६’मधल्या ‘रहना तू’ या गाण्यात कंटिन्यूअम वाजवलं आणि असंख्य लोकांनी त्याचं नाव न कळता ते ऐकलं. महेश राघवन आयपॅडच्या काचेवर कर्नाटक संगीतातले गमक काढतात. त्याआधी कीबोर्ड सत्या यांनी साध्या कीबोर्डवर डाव्या हाताने सूर वाकवत कर्नाटक मैफल उभी केली. आपल्याकडे अभिजित पोहनकर यांनी कीबोर्डवर राग मांडला. यांचं काम गांभीर्याने घ्यावं असं आहे. तरी त्यातलं बहुतेक एकल वादन आहे किंवा ध्वनिमुद्रित, आधी ठरवून बांधलेलं. गायकाच्या उत्स्फूर्त जागेवर उत्तर देण्याची वेळ तिथे क्वचितच येते. परदेशातली प्रात्यक्षिकंही अशीच आहेत. एक सुंदर मींड, एक फुलणारा नाद, आणि वाद्य काय काय करू शकतं याची यादी. एवढ्यावरून त्या वाद्याचं संगीत कोणतं, हे कळत नाही.

किमतीचा प्रश्न टाळता येणार नाही. लिनस्ट्रुमेंटसारख्या वाद्याची किंमत हजार डॉलरच्या पुढे, मोठ्या कंटिन्यूअमची पाच हजार डॉलरच्या पुढे. वर आयातशुल्क आणि वाहतूक. रत्नागिरीतल्या शिकणाऱ्या मुलाला हे झेपणारं नाही. शिवाय पेटीचा सूर पावसाळ्यात उतरला तर तो घासून जुळवून देणारा माणूस जवळपास सापडतो, पण स्पर्शपटलाचा संवेदक बिघडला तर वाद्य समुद्रापार पाठवावं लागतं. रोली ही कंपनी २०२१ साली नादारीच्या प्रक्रियेत गेली आणि नव्या नावाने पुन्हा उभी राहिली. ज्यांचं वाद्य कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यांनी या घटनेतून बोध घ्यायला हवा.

तरीही ही वाद्यं श्रीमंतांची हौस म्हणून सोडून द्यावीत, असं मला मुळीच वाटत नाही. १९२८ साली लोकांपुढे आलेलं ओंद मार्तनो हे फ्रेंच विद्युतवाद्य पाहा. त्यात उजव्या हाताने सूर सरकवायचा आणि डाव्या हाताने नादाचा जोर सांभाळायचा. आपल्या भात्याच्या हाताशी किती जवळचं हे नातं! मेसियाँसारख्या संगीतकाराने त्याच्यासाठी लिहिलं, पॅरिसच्या संगीत विद्यालयात १९४७ पासून त्याचा वर्ग सुरू झाला, म्हणून ते आजही वाजतं. पेटी टिकली तीही गुरू, रंगमंच आणि कारागीर या तिघांमुळे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. संगीत विद्यालयांनी आणि आपल्या संस्थांनी असं एखादं वाद्य सामाईक घ्यावं, ते पेटी आणि ऑर्गन वाजवणाऱ्या तयार हातांत द्यावं, आणि वर्षभर फक्त गायकांच्या मागे बसवावं. नाट्यपदाला, अभंगाला, विलंबित ख्यालाला. जिथे वाद्य कमी पडेल तिथे ते कुठे आणि का कमी पडलं हे टिपून ठेवावं आणि निर्मात्यांना कळवावं. पेटी कुठे अपुरी पडते हे सर्वांत अचूक ओळखणारे कान महाराष्ट्रात आणि गोव्यात तयार झाले आहेत. या वाद्यांच्या जगाला त्या कानांची गरज आहे, आणि आपल्या साथीदारांना सरकणाऱ्या सुराची. वाद्य बनवणाऱ्यांनी त्यांचं काम बऱ्याच अंशी केलं आहे. पुढचं काम वादकाचं, गुरूचं आणि जागा देणाऱ्या रंगमंचाचं आहे.