शेंडेफळ कोण?

१७५८ साली बेंजामिन फ्रँकलिन आपल्या मुलाला घेऊन इंग्लंडमधल्या एक्टन या गावी गेला. फ्रँकलिन घराणे मूळचे तिथले. चर्चच्या नोंदवह्या चाळून त्याने पूर्वजांची नावे काढली आणि मागच्या पाच पिढ्या मोजल्या तर आपण धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा ठरतो, असा शोध लावला. पुढे आत्मचरित्रात त्याने हे कौतुकाने नोंदवले आहे. हिशेब चुकीचा नाही. पण बॉस्टनच्या त्या घरातले शेंडेफळ तो नव्हताच. सतरा भावंडांत सर्वांत धाकटी होती जेन, जन्म १७१२चा. मुलगी असल्यामुळे ती या मोजणीत आली नाही. त्याने आयुष्यात सर्वाधिक पत्रे जिला लिहिली, ती हीच बहीण. आत्मचरित्रात मात्र तिचे नावही नाही.

जिल लेपोर यांचे ‘बुक ऑफ एजेस’ (२०१३) हे या जेनचे चरित्र. त्याचे नाव जेनच्याच एका वहीवरून घेतले आहे. कागद दुमडून हाताने शिवलेली ही इवलीशी वही. तिच्यात स्वतःचा जन्म, मग १७२७ साली पंधराव्या वर्षी एडवर्ड मीकम या खोगीर बनवणाऱ्याशी झालेले लग्न, मग मुले. पहिला जोसाया जून १७२९मध्ये जन्मला, मे १७३०मध्ये गेला. अशी बारा बाळंतपणे. त्यांतली अकरा मुले आईच्या आधी गेली. नवरा कर्जात बुडालेला. दोन मुलगे वेडे झाले. वहीत मात्र बहुतेक ठिकाणी नाव आणि तारीख एवढेच, क्वचित एखादी प्रार्थना. हा मजकूर कुलवृत्तांताचा कच्चा माल म्हणून कुणीही वापरला असता. लेपोर त्याला लेखन मानतात आणि ते लिहिणाऱ्या बाईला लेखिका. मला या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मुलींना वाचायला शिकवत, कारण बायबल वाचता यायला हवे. लिहायला शिकवलेच पाहिजे असे कुणाला वाटत नसे. अशा ठिकाणी एका कारागिराच्या मुलीने टाक हातात धरून आपल्या मुलांची नावे लिहिणे ही साधी नोंद उरत नाही. पुढे भावाला लिहितानाही ती आपल्या शुद्धलेखनाची लाज बाळगत असे, आणि तो तिला तसे करू नकोस म्हणून समजावत असे.

साबणाचा भाग मी दोनदा वाचला. वडील साबण-मेणबत्त्या करणारे; घरात ‘क्राउन सोप’ नावाच्या उंची साबणाची कृती होती. बेंजामिन फ्रान्समध्ये राजदूत असताना तिथल्या मित्रांना भेट देण्यासाठी बहिणीकडून तो साबण मागवतो. ती म्हातारपणी स्वतः तो उकळते, वड्या पाडते, आणि हे ज्ञान बुडू नये म्हणून कृती लिहून ठेवते. घराण्यात नावाखेरीज काय काय वाहत येते आणि ते कुणाच्या हातून, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही. एक्टनच्या नोंदवहीत ते सापडण्यासारखे नव्हते.

माझी तक्रार रचनेबद्दल आहे. तो छापखाना काढतो, ती बाळंत होते. तो लंडनला जातो, ती भाडेकरू ठेवते. अशी आलटून-पालटून येणारी छोटी प्रकरणे सुरुवातीला पकड घेतात, नंतर त्यांचा ठेका आधीच ऐकू येऊ लागतो. शिवाय या मांडणीत जेन सतत मोजली जाते ती भावाच्याच मापाने. तिची सुरुवातीची बरीच पत्रे उरलीच नाहीत, तेव्हा त्या वर्षांत तो पानोपानी दिसणार हे समजू शकते. पण पोकळी पोकळी म्हणून राहू द्यायलाही चरित्रकाराला धीर लागतो.

वाचताना व्हर्जिनिया वूल्फ आठवणे अटळ आहे. शेक्सपिअरला तितकीच प्रतिभावान बहीण असती तर, हा तिने १९२९च्या पुस्तकात मांडलेला प्रश्न. जेनच्या बाबतीत मला ही तुलना थोडी अन्यायाची वाटते. वूल्फची बहीण कल्पनेतली आहे. ही खरी आहे, बोलते आहे. १७८६ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जेन रिचर्ड प्राइस यांच्या लेखनाबद्दल भावाला लिहिते. बॉइल, क्लार्क, न्यूटन यांच्यासारखी हजारो माणसे अनुकूल परिस्थिती न मिळाल्यामुळे जगाला मुकली असतील, हे प्राइस यांचे मत ती सांगते, आणि सगळे अडथळे फोडून पलीकडे जाणे फार थोड्यांना साधते, अशी स्वतःची पुस्ती जोडते. असा एक जण तिच्या घरातच होता. हे वाक्य त्यालाच उद्देशून आहे. त्यात रुसवा नाही आणि आर्जवही नाही. वूल्फच्या १४३ वर्षे आधी, शुद्धलेखनाची लाज वाटणाऱ्या बाईने हा प्रश्न मांडून ठेवला होता. या चरित्राचा मध्यबिंदू मला त्या पत्रात दिसतो, बेंजामिनने वगळण्यात नाही.