मध्ययुगीन यूरोपांतील वक्तृत्वशास्त्र व त्याच्या पोथ्या

जेम्स मर्फी यांचा मध्ययुगीन वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. रोमन साम्राज्याबरोबर मन वळविण्याची विद्याहि लयास गेली, या समजुतीचें निरसन त्यांत साधार केलें आहे. पत्रलेखन, काव्यरचना व धर्मप्रवचन या तीन शास्त्रांत ती नांदत होती, हा ग्रंथकारांचा सिद्धांत आम्हांस मान्य आहे. अभिवादन, अनुकूलतासंपादन, वृत्तकथन, याचना व समाप्ति अशीं पत्राचीं पांच अंगें तत्कालीन शास्त्रकार सांगत. मायन्याचें महत्त्व जाणणाऱ्या आमच्या दप्तरसंशोधकांना हें प्रकरण विशेष रुचेल.

मात्र या त्रिविध विभागणीनें जुन्या ग्रंथांवरील टीका मागें पडतात, हा आमचा आक्षेप आहे. हेरेनियसास उद्देशून लिहिलेल्या चार भागांच्या लॅटिन वक्तृत्वशास्त्राच्या शेंकडों पोथ्या उपलब्ध आहेत. मध्ययुगांत तें सिसेरोचेंच समजत. राफाएले रेजिओनें १४९१ सालीं त्या कर्तृत्वाविषयीं शंका प्रसिद्ध केली. परंतु कर्त्याचें नांव चुकीचें ठरल्यानें ग्रंथाचा प्रभाव खोटा ठरत नाहीं. १२ व्या शतकांत शार्त्रच्या तिएरीनें त्यावर टीका लिहिली; पाठशाळेंत त्याचा अर्थ कसा लावीत, हें अशा टीकांतूनच कळतें. क्विंटिलियनच्या बहुधा खंडित प्रतीच प्रचारांत होत्या. संपूर्ण पोथी पोज्जिओस सेंट गालच्या मठांत १४१६ सालीं मिळाली. १४२१ सालीं लोदी येथें सांपडलेल्या पोथीमुळें सिसेरोचा ‘ब्रूटस’ विद्वानांना पुन्हा उपलब्ध झाला. तिच्या नकला झाल्या, आणि मूळ पोथी मात्र थोड्याच वर्षांत गहाळ झाली!