कॅलीचे समरगीत : एका लोकप्रियतेची चिकित्सा

व्हिएतनाममधील माय लाय येथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांची हत्या केली. १९७१ मध्ये लेफ्टनंट कॅली दोषी ठरला, तेव्हा बहुसंख्य अमेरिकनांचा रोष निकालावरच होता. त्याच्या नावाच्या समरगीताच्या दहा लाखांवर तबकड्या त्याच वर्षी खपल्या. काव्य म्हणून ते सामान्यच. रचना मात्र विचारार्ह आहे. चाल यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेच्या गीताची, आणि निवेदक खुद्द कॅली. मृतांचा उल्लेख गीत टाळीत नाही. परंतु ते गावातून झालेल्या गोळीबाराला उत्तर देताना पडले, असे सांगते. वस्तुतः गावाने प्रतिकार केलाच नव्हता. कॅलीविषयीची सारी सहानुभूती ह्या कल्पित गोळीबारावर उभी आहे. आणि खटल्यातील साक्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या असतानाही श्रोत्यांनी तो स्वीकारला.