परत दिलेला फोटो

गेली काही वर्षे एक नवल घडते आहे. डिजिटल कॅमेरे आल्यावर आपण जे छोटे फिल्मचे कॅमेरे कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिले, तेच आज तरुण मंडळी हौसेने, भरपूर पैसे मोजून विकत घेत आहेत. १९९० साली आलेल्या कॉन्टॅक्स टी-टू या कॅमेऱ्याची कथा तर प्रसिद्धच आहे. २००५ साली कॉन्टॅक्सचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर झाले. पुढे २०१७ मध्ये केंडल जेनर ही मॉडेल अमेरिकन टीव्हीवर तो हातात घेऊन दिसली आणि जुन्या नगांच्या किमती भराभर चढल्या. हे कॅमेरे जातात ते मुख्यतः पार्ट्यांना. पांढराफटक चेहरा, मागे काळोख, लाल डोळे. असे जे फोटो आम्ही ‘बिघडले’ म्हणून बाजूला टाकीत होतो, तेच आज ‘लूक’ म्हणून मिरवतात. या आवडीचे मोल कसे करावे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

दुरून टीका करणे बरे नव्हे, म्हणून मीही एक कॅमेरा घेतला. मुंबईच्या बोरा बाजारातून ऑलिंपस म्यू-टू आणला. हे मॉडेल १९९७ सालचे, ३५ मिलिमीटरचे भिंग, छिद्र २.८, शर्टाच्या खिशात मावणारे. असा जुना कॅमेरा घेताना सेलच्या खणात हिरवट गंज चढला आहे का, ते आधी पाहावे. मग टॉर्चच्या उजेडात भिंगावर बुरशीची जाळी दिसते का ते तपासावे. आमच्या बेळगावच्या पावसात बुरशी काही नवी नव्हे. एखादा वाया गेलेला रोल घालून फिल्म पुढे सरकते का आणि फ्लॅश किती वेळात तयार होतो, तेही पाहून घ्यावे. आतले सर्किट गेले तर दुरुस्ती बहुधा होत नाही. दुकानदार स्पष्टच म्हणाला, “साहेब, चालेल तोवर चालेल.”

आता त्या ‘लूक’विषयी. त्यात गूढ काही नाही. फ्लॅशपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून हातभर अंतरावरचा माणूस उजळून निघतो आणि मागची भिंत अंधारात बुडते. फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असल्याने उजेड विस्फारलेल्या बाहुलीतून डोळ्यात शिरतो आणि आतल्या लाल पडद्यावरून सरळ भिंगात परत येतो. म्यू-टूचे झाकण मिटून उघडले की तो पुन्हा आपल्या स्वयंचलित फ्लॅशवर जातो. म्हणजे दिवाणखान्यातल्या संध्याकाळी, वेगळे सांगितले नाही तर, फ्लॅश पडणारच. तेव्हा हा लूक कॅमेऱ्याचा आहे, तुमचा-माझा नव्हे. पैसे देऊन जे कोणालाही मिळते, त्याला शैली म्हणता येणार नाही.

मग पार्टीच्या फोटोत मोलाचे असे असते तरी काय? या प्रश्नापाशी मला मालिक सिदिबे आठवतात. मालीच्या राजधानीतले, बामाकोचे हे छायाचित्रकार. १९६० साली माली स्वतंत्र झाला आणि गावातल्या पोरापोरींनी क्लब काढून शनिवारच्या रात्री नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. सिदिबे हलका कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन एका रात्रीत अनेक ठिकाणी हजेरी लावीत, आणि परत येऊन त्याच रात्री रोल धूत. मग छोट्या प्रती क्रमांक घालून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि स्टुडिओबाहेर मांडायच्या. नाचणारी मुले येत, आपापला चेहरा शोधीत, हसत, आणि आवडेल त्याची प्रत मागवीत. १९६३ सालचा त्यांचा ‘नाताळची रात्र’ हा फोटो जगभर गाजला. भाऊ आणि बहीण नाचताहेत, बहीण अनवाणी, दोघांची डोकी एकमेकांकडे झुकलेली. २००७ साली व्हेनिसच्या बिएनालेत सिदिबे यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. २०१६ साली ते वारले.

समीक्षक त्या फोटोतल्या रचनेविषयी, नव्या राष्ट्राच्या उमेदीविषयी लिहितात, आणि ते खरेही आहे. मला मात्र तो पुठ्ठा महत्त्वाचा वाटतो. त्या फोटोंची पहिली समीक्षा फोटोतल्या माणसांनी केली होती. ज्याला स्वतःचे रूप रुचले नाही त्याने प्रत घेतली नाही, इतका साधा आणि इतका कडक तो निकाल असे. न्यूयॉर्कच्या नॅन गोल्डिन यांचेही काहीसे असेच. मित्रमैत्रिणींच्या खोल्यांतले, पार्ट्यांतले, फ्लॅशने झगझगीत झालेले त्यांचे फोटो १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पण त्याआधी त्या ते स्लाइड शो करून दाखवीत, आणि सुरुवातीच्या प्रेक्षकांत पडद्यावर दिसणारी मंडळीच बसलेली असत. दोघांच्याही फोटोंत जो मोकळेपणा आहे, तो फ्लॅशने आणलेला नाही. फोटो आपल्याकडे परत येणार आहे, हे समोरच्याला ठाऊक होते.

हा निकष हातात घेऊन मी माझ्याच रोलकडे पाहिले. गेल्या वर्षी टिळकवाडीत मावशीची पंच्याहत्तरी झाली, तिथे मी ३६ फोटो काढले. रोल मुंबईला धुवायला पाठवला. स्कॅन आले ते घरच्या ग्रुपवर टाकले. चार अंगठे आले आणि विषय संपला. मग प्रती काढल्या आणि एका रविवारी घेऊन गेलो. शेजारच्या काकू कानडी बोलणाऱ्या; आपला फोटो पाहून “साकु री, साकु!” म्हणत तोंडाला पदर लावून हसल्या आणि प्रत पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

रोलमधला माझ्या मते सर्वोत्तम फोटो मावशीचा होता. तोंडात पुरणपोळीचा घास, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर फ्लॅशची चकाकी, मागे काळोखात काकांच्या हार घातलेल्या तसबिरीचा एक कोपरा. काकांना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मावशीने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “हा फाडून टाक की रे.”

मी म्हटले, “अगं, हाच तर खरा आहे.”

“खरा आहे म्हणूनच सांगते,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी किती हसले ते सगळ्यांनी पाहिलंय. तेवढंच राहू दे.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला जे फोटोतले सत्य वाटले, ते तिच्या घरातले होते, आणि ते बाहेर न्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा. बामाकोच्या पुठ्ठ्यासमोर उभ्या राहणाऱ्या पोरांना तो हक्क होता. आज त्यांचेच चेहरे दूरदेशीच्या दालनांत टांगलेले असतात, तिथे त्यांना कोणी विचारीत नाही. दालनात फोटो थोर ठरतो हे मान्य. पण तिथे त्याचे काहीतरी हरवतेही, आणि समीक्षेने तेही नोंदवावे.

जुने कॅमेरे जरूर घ्यावेत. ३६ फोटोंची मर्यादा हाताला शिस्त लावते. पण प्रती काढाव्यात आणि ज्याच्या त्याला नेऊन द्याव्यात. न घेण्याची मुभाही द्यावी.

या लेखासोबत एक फोटो छापावा, असे संपादकांनी सुचवले होते. माझ्यापाशी देण्याजोगा एकच होता. तो मी मावशीसमोर फाडला. निगेटिव्हचे काय करायचे, हे ती विचारायला विसरली, आणि मीही अजून तिला विचारलेले नाही.