प्रश्न विचारायला कोण शिकवणार?

माझ्या मावशीचं बी.ए.चं एक वर्ष एका पीडीएफमुळे वाया गेलं. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत वाढली, असं त्यात लिहिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली. वर लोगो, खाली शिक्का आणि सही. मुदत मात्र वाढलेली नव्हतीच.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मावशी डिजिटल कौशल्यांच्या ऑनलाइन पेपरात चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मी नंतर त्याचं साहित्य वाचलं. वर्ड, एक्सेल, सीसी आणि बीसीसीतला फरक, आणि शेवटी माहिती खरी की खोटी हे ओळखायचं एक पान. लोगो पाहा, शुद्धलेखन पाहा, संस्थेचं नाव पाहा. मावशीने नेमकं तेच केलं. शिकवलेलं विसरली म्हणून नाही, लक्षात ठेवलं म्हणून ती फसली.

हे फक्त तिचंच होतं असं नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 फॅक्ट-चेकर आणि 25 विद्यार्थ्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. त्यांचा निष्कर्ष 2017 मध्ये आला. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा तेच पान वर-खाली वाचत बसले आणि लोगोला, डोमेनला भुलले. फॅक्ट-चेकर मात्र चटकन पान सोडून नव्या टॅबमध्ये जात, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहत. याला 'लॅटरल रीडिंग' म्हणतात. मावशीच्या भाषेत सांगायचं तर, पीडीएफ कितीही खरी दिसू दे, ती बंद कर आणि विद्यापीठाची साइट उघड. पण मोबाइलवर दुसरा टॅब कसा उघडायचा, हे त्या साहित्यात कुठेच नव्हतं. सगळे स्क्रीनशॉट कॉम्प्युटरचे. मावशीकडे फक्त फोन आहे.

दुसरी उणीव संवादाची. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्'च्या रचनेत चार भाग आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या आणि शंकांसाठी चर्चा. कागदावर हे उत्तम आहे. पण शंका मांडता येते, असं आपण गृहीत धरतो. मावशीच्या पेपरच्या चर्चेत 'नमस्कार सर', 'नोट्स मिळतील का' यांची रांग होती. तिचा एकच प्रश्न सापडला: 'सर मला समजत नाही.' उत्तर आलं नाही. येणार तरी काय?

मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं: प्रश्नाचे हे तीन तुकडे मीही इंजिनिअरिंगला शिकलो नाही. पहिल्या नोकरीत सीनियरच्या शिव्या खाऊन शिकलो. वर्गात बसणाऱ्याला निदान शेजारच्या बाकावर विचारता येतं. घरून शिकणाऱ्याला शेजारी नसतो. त्याच्यासाठी प्रश्न लिहिता येणं हीच वर्गात शिरायची वाट.

म्हणून परीक्षेत बीसीसीचा अर्थ विचारू नका. एक खोटी नोटीस द्या आणि ती कशी तपासली ते लिहायला सांगा. एक अडचण द्या आणि त्यावर शिक्षकांना प्रश्न लिहायला लावा. तपासायला वेळ लागेल, पर्यायी प्रश्नांइतकं सोपं नाही. पण आज तो वेळ वाचवायची किंमत विद्यार्थी भरतात.

मावशीने यंदा पुन्हा फॉर्म भरलाय. परवा तिने मला एक पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं होतं, "साइटवर नाहीये ही. तू पण बघ."